हिरवट गाळाचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या गल्लीत डांगरांच्या हातगाड्या यायला लागतात. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात. गाडीवर तणस, भाताचा पेंढा, पसरलेली, तिच्यावर फिकट पिवळी, जाळीदार सालीची फळं. गाडीवाला प्रत्येकाला एकच सांगतो, "वैनगंगेच्या रेतीतले आहेत बाई, निस्ती शक्कर." मी एक उचलते, देठाशी नाक नेते, पिशवीत टाकते. घरी श्रीधर, माझे यजमान, त्याच्या फोडी करतात. आम्ही दोघं समोरासमोर बसून खातो. फोड गोड असते. उन्हाळा सुरू झाला, एवढं मला तिच्यावरून समजतं. बाकी मनात फारसं काही हलत नाही. हलावं अशी अपेक्षा करणंही मी कधीच सोडून दिलं आहे.

फार वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा मात्र दरवर्षी त्या वासाबरोबर येतो, येऊन बसतो आणि काही न बोलता जातो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी माती, पाणी आणि गाळ तपासायचं काम करायची. जन्म भंडारा जिल्ह्यातला, आंधळगावचा. वडील तिथे शाळामास्तर. शेजारच्या घरांतून कोसा रेशमाच्या मागांची खटखट दिवसभर यायची आणि तिच्या तालावर मी पाढे म्हणायची. पुढे रसायनशास्त्र शिकले, लग्न झालं, नागपूरकर झाले. त्या वर्षी पौषात मला मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं होतं. तेव्हा ते कळलं होतं, आता नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दूध आटावं म्हणून आईनं माझ्या छातीला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली होती आणि बांधताना ती भिंतीकडे बघत होती.

फाल्गुनात मी कामावर गेले. माझ्या टेबलासमोर गुटगुटीत बाळाचं चित्र असलेलं एक कॅलेंडर असायचं. कुणीतरी ते काढून टाकलं होतं. खिळा तेवढा राहिला होता. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. चहा आणून द्यायचे. मी चहा प्यायची. माझं दुःख त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं मला जाणवतच नव्हतं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. हाताला बर्फ लावल्यावर बोट आपलं असतं पण आपलं वाटत नाही, तसे दिवस चालले होते.

आमचे प्रमुख डॉ. पाध्ये. अतिशय भिडस्त माणूस. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"पवनी तालुक्यात जायचंय. नदीतला गाळ आणायला. उन्हाचं जमेल का तुम्हाला?"

"जमेल," मी म्हटलं.

"नाहीतर दुसऱ्या कुणाला..."

"नको सर. मी जाते."

गोष्ट अशी होती. कोंढ्याच्या पलीकडे नदीकाठी एक गाव. गावाच्या वरच्या अंगाला, कातडी कमावायला आणि रंगाच्या कामाला लागणारे क्षार बनवणारा एक कारखाना. त्याचं पाणी एका नाल्यातून वाहत वैनगंगेत यायचं. आदल्या पावसाळ्यात नाल्याच्या तोंडाशी मासळी पोट वर करून तरंगली, दोन-चार जनावरं दगावली, गावानं अर्ज केला. मग एक चौकशी समिती नेमली गेली आणि तिनं आमच्याकडून तपासणी मागवली. पाणी न तपासता गाळ का, असं मी विचारलं तेव्हा पाध्ये सर म्हणाले, "आपण येणार हे कळलं की पाणी स्वच्छ होतं. गाळाला तेवढी घाई नसते."

आम्ही पोचलो तेव्हा चैत्र लागला होता. नदी आकसून एका कडेला गेलेली, आणि बाकी सगळा पाट रेतीचा. काठावर मोहफुलांचा तो जड, गोडसर वास. बायका पहाटे वेचून गेलेल्या झाडांखाली उरलेली फुलं उन्हात तपकिरी पडत होती. जीप काठाशी थांबली आणि तिथून आम्हाला डोंग्यातून, लहान लाकडी होडीतून, जायचं होतं. डोंगा मोतीरामभाऊंचा. जातीचे धिवर, नदीवरच जन्म गेलेला. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. उजव्या हाताला त्यांनी लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. मला वाटलं, जाळ्याची दोरी काचली असेल.

नाल्याचं पाणी अजून पिवळंच होतं. हळदीच्या हाताचं पाणी बादलीत पडल्यासारखं. नदीत मिळाल्यावर तो रंग थोडं अंतर वेगळा चालायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. आम्ही रुंद नळी गाळात दाबायचो, वरचं तोंड बुचानं बंद करायचं आणि हळूच ओढून घ्यायची. आत गाळाची कांडी जशीच्या तशी यायची. वरचा थर काळा, आणि त्याच्या खाली हिरवट. शेवाळाचा हिरवा असतो तसा ओला, जिवंत नव्हे. पितळी भांड्याला चढलेल्या कळंकासारखा. प्लास्टिकच्या चमच्यानं तो पिशवीत काढायचा, पिशवीवर खूण लिहायची, पुढच्या जागी जायचं. कामात चूक होत नव्हती. त्या दिवसांत मी कशातच चुकत नव्हते.

"एवढा चिखल नेऊन काय करसान जी?" मोतीरामभाऊंनी विचारलं.

"वाळवू, चाळू, आम्लात उकळू. मग त्यात काय आहे ते कळेल."

"अन् कळल्यावर?"

पाध्ये सर म्हणाले, "समितीला सांगू."

मोतीरामभाऊंनी वल्हं पाण्यात टाकलं. दुपारी काठावर पाणी पिताना त्यांनी चिंधी सोडली तेव्हा मला त्यांचा हात दिसला. बोटांच्या पेरांवर आणि तळहाताच्या कडेला गोल खड्डे. पेन्सिलीच्या बुडानं मेणात दाबल्यासारखे, काठ उंच आणि कडक. पावसाळ्यात मासेमारी थांबली की ते कारखान्यात पोती उचलायला जायचे. रंगीत भुकटीची पोती. हाताला घाम, भुकटीला ओल.

"खूप दुखत असेल," मी म्हटलं.

"नाही ना जी. तेच तर. दुखत नाही." त्यांनी एका खड्ड्यात बाभळीची काडी टेकवून दाखवली, घरातली एखादी मोडकी वस्तू पाहुण्याला दाखवावी तशी. "पाहा."

मी पाहिलं. मला कळत होतं ते काय आहे. क्रोमियमचे व्रण, पुस्तकात त्याचं नाव वाचलेलं होतं. वाईट वाटायला हवं होतं तिथे फक्त ते नाव आठवलं.

नाल्याच्या तोंडाखाली, हाकेच्या अंतरावर, त्यांची डांगरवाडी होती. नदी ओसरली की धिवर लोक रेतीत खड्डे घेतात, त्यांत शेणखत भरतात, बी लावतात आणि घागरीनं पाणी घालून वेल वाढवतात. चैत-वैशाखात त्या उघड्या रेतीवर हिरवे पट्टे पसरलेले दिसतात आणि पानांखाली फळं. वाडीत एक झोपडी. कोल्ह्यांपासून राखण करायला मोतीरामभाऊ आणि त्यांची बायको सुभद्राबाई तिथेच राहायची.

वाडीच्या रेतीचा नमुना आम्हाला हवा होता. तो घ्यायला मी एकटीच चालत गेले. सुभद्राबाई वेलीला पाणी घालत होती. मी पिशवी आणि चमचा काढलेला बघून तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या आणि वेलीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"इथली नेऊ नका बाई."

"थोडीच लागते. मूठभर."

"मूठभर काय अन् बंडीभर काय. त्यात काई निघालं तं माहे डांगर कोण घेईन?"

"आणि निघालं नाही तर?"

"तरी बी कोणी घेनार नाही. रेती नेली म्हनतीन. काहून नेली म्हनतीन."

ती खरं बोलत होती. मी पिशवी घडी घालून ठेवली. उन्हानं डोळ्यांपुढे काळं येत होतं म्हणून तिनं मला झोपडीत बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं आणि एक डांगर फोडलं. मी ते पाणी प्याले आणि ते डांगर खाल्लं. नाल्याच्या तोंडाचा गाळ मघाशीच हाताळलेली मी, तिथलंच फळ खात होते, आणि मनात भीती म्हणून आली नाही.

"लेकरं किती आहेत तुमाले?" तिनं विचारलं. बायका विचारतात तसंच.

"नाहीत." मग कोण जाणे का, मी पुढे बोलले. "मुलगी झाली होती. पौषात. गेली."

नागपुरात हे वाक्य संपलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा आणि मला त्या चेहऱ्याचीच काळजी घ्यावी लागायची. सुभद्राबाईचा चेहरा बदलला नाही. तिनं डांगराच्या बिया हातानं वेगळ्या केल्या, पुढच्या सालासाठी एका कापडावर पसरल्या.

"नाव ठेवलं होतं?"

"नाही. बारशाआधीच..."

"मंग मनात काय म्हनता तिले?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आईनं नाही, श्रीधरनी नाही. मनात मी तिला काहीच म्हणत नव्हते. हाक मारायला शब्दच नव्हता. ते तसं मी सांगितलं. सुभद्राबाईनं मान हलवली, "असं बी असते," म्हणाली आणि बियांवर रेती चिकटली होती ती फुंकून टाकली.

मी निघाले तेव्हा ती मागून आली. तिनं विचारलं, "खरंखरं सांगजा. दोन जिवाच्या बाईनं हे पानी पेलं तं काय होते?"

"मला माहीत नाही. चांगलं तर नाही."

"माही पोरगी सुमन येऊन रायली जेठात. पयलं बाळंतपन आहे." ती नदीकडे बघत होती. "इथंच येईन. हेच पेईन."

मग ती वाडीत परत गेली, एका वेलीच्या बुडाशी वाकली आणि दोन्ही हातांनी रेती उकरली. खालची ओली रेती ओंजळीत घेऊन माझ्यासमोर धरली. मी पिशवी उघडली. तिनं त्यात ओंजळ रिकामी केली आणि हात लुगड्याला पुसले. नमुना हातानं घ्यायचा नसतो, चमच्यानं घ्यायचा असतो. तिचं तोंड फिरल्यावर त्याच खड्ड्यातून चमच्यानं पुन्हा घेतला आणि दोन्ही पिशव्या नेल्या.

प्रयोगशाळेत गाळ सावलीत कागदावर वाळत घालायचा. वाळला की त्याचा सगळा रंग जातो, राखेसारखा होतो. खलात कुटून चाळणीतून काढायचा. धुरांड्याखाली आम्लात उकळायचा. तपकिरी वाफ वर चढायची, घसा खवखवायचा. मग यंत्राच्या ज्योतीत तो द्रव ओढला जायचा आणि काटा हलायचा. काटा हलला की लिहायचं. नाल्याच्या तोंडाशी क्रोमियम किती निघालं ते पाहून पाध्ये सरांनी मला पुन्हा तपासायला सांगितलं, नंतर स्वतः तपासलं. वाडीच्या रेतीत त्या मानानं फार कमी होतं. पण होतं.

संध्याकाळी घरी जायची. श्रीधर कॉलेजातून आलेले असायचे. आम्ही जेवायचो. ते एकदा म्हणाले, "पाळणा माळ्यावर टाकलाय. चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल." पंखा फिरत होता. ते आणखी काही बोलणार होते, पण पानात भात संपला होता, आणि मी वाढायला उठले.

वैशाखात आम्ही पुन्हा गेलो, राहिलेल्या दोन जागांचे नमुने घ्यायला. आमचे आकडे अजून कुणालाही दिलेले नव्हते. तरी वाडीत डांगरांचा ढीग लागला होता. पवनीच्या व्यापाऱ्यांनी माल उचलणं थांबवलं होतं. आमची जीप नदीकाठी उभी दिसली, पिशव्या भरताना कुणीतरी पाहिलं, एवढं पुरलं होतं. फळं पिकून फुटत होती. लांबूनच वास येत होता, आंबूस, गोड. माश्यांचा आवाज इतका की बोलताना थोडं मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"जनावरांना तरी घालायची," मी म्हटलं.

"ढोराले बी नाही घातले," सुभद्राबाई म्हणाली. "त्याचं दूध लेकरं पेतीन ना."

ती रागावलेली नव्हती. तिनं मला बसायला बाज दिली. मी तिला आकडे सांगितले. पाध्ये सरांनी सांगू नका म्हटलं नव्हतं, सांगा असंही म्हटलं नव्हतं. मी साध्या शब्दांत सांगितलं, की नाल्याच्या तोंडाचं फार वाईट आहे, तुमच्या रेतीत थोडं आहे, नदीचं पाणी पोरीला देऊ नका. तिनं सगळं ऐकून घेतलं. मोतीरामभाऊ जवळच जाळं दुरुस्त करत होते. दोरा बोटाला लागतोय की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहावं लागत होतं.

"सुमनले कोंढ्याले पाठवतो," ती त्यांना म्हणाली. "माया बहिनीकडं. तिथं विहीर आहे."

"पोरीचं पयलं बाळंतपन मावशीकडं?" ते म्हणाले.

"हो."

ते पुन्हा जाळ्यात मान घालून बसले. एवढ्यावर ते बोलणं संपलं.

पुढच्या वर्षांत मी अनेक नद्यांचा गाळ तपासला. कागदांवर कागद चढले. त्यांतून काय झालं असं कुणी विचारलं, तर मला कोंढ्याची ती विहीर आठवते. सुमनला आषाढात मुलगी झाली, धडधाकट. तिच्या मावशीच्या अंगणात तिचं बारसं झालं. मला बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. तेव्हा बारशाला जायची माझ्यात ताकद नव्हती, आणि ते त्यांना समजलं असावं, कारण पुढे कुणी विचारलं नाही.

पण त्याआधी, जेठाच्या सुरुवातीला, चौकशी होती. भंडाऱ्यात, एका विश्रामगृहाच्या लांबट खोलीत. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारलेलं. आत गारवा आणि ओल्या वाळ्याचा वास. समितीचे लोक टेबलामागे बसलेले. पाध्ये सरांनी आकडे वाचून दाखवले. मग कारखान्याचे वकील उठले. सभ्य, मऊ आवाजाचे गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, "बाई, डांगरं तपासलीत का आपण?"

"नाही. फक्त गाळ आणि रेती."

"मासळी?"

"नाही. ते काम आम्हाला दिलेलं नव्हतं."

"म्हणजे खाण्याच्या कुठल्याही वस्तूत काही सापडलेलं नाही."

"तपासलेलं नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी," असं म्हणून ते हसले आणि बसले. तो फरक मी पुन्हा एकदा सांगितला. तो लिहिला गेला की नाही कळलं नाही.

मग मोतीरामभाऊंना पुढे बोलावलं. गावातून तेवढे एकटेच साक्षीला आले होते. बाकीच्यांची मुलं, भाऊ, मेहुणे कारखान्यात होते. साक्षीला आल्यावर पावसाळ्यातलं पोत्यांचं काम त्यांना मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. सुभद्राबाई दाराशी भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी चिंधी सोडली आणि हात पुढे केला. वकिलांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"दुखतो का हात?"

"नाही जी."

"आग होते? ठणका लागतो?"

"नाही."

"खाज?"

"नाही जी."

"मग तक्रार काय आहे तुमची?"

मोतीरामभाऊंनी आपल्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. खोलीतले सगळे त्या हाताकडे बघत होते.

"तिथलं मांस गेलं ना जी," ते म्हणाले. "दुखत नाही. पन गेलं."

समितीतले एक गृहस्थ पाण्याचा पेला उचलून तसाच धरून बसले. मग वकिलांनी "ठीक आहे" म्हटलं आणि पुढचा कागद काढला.

त्या चौकशीतून एवढं निघालं, की कारखान्यानं सांडपाणी साठवायला एक टाकी बांधावी. त्यांनी बांधली. दिवसा नाला नितळ वाहू लागला. श्रावणात मोठा पूर आला आणि नाल्याच्या तोंडाचा आम्ही तपासलेला गाळ खाली कुठेतरी वाहून गेला. कुठे, ते तपासायचं काम आमच्याकडे आलं नाही. काही वर्षांनी मालक भावाभावांत भांडण होऊन कारखाना बंद पडला. पत्रे विकले गेले. मोतीरामभाऊंनी वाडी नाल्याच्या वरच्या अंगाला नेली. तिथली रेती जाड, पाणी धरत नाही, पीक निम्म्यावर आलं. त्यांच्या हातावरचे खड्डे भरून आले, पांढरे गोल डाग राहिले. पुढे मला मुलगा झाला, तो मोठा झाला, परगावी गेला. हे सगळं मी सांगते तेव्हा माझा आवाज कागद वाचल्यासारखा येतो, असं श्रीधर म्हणतात. येत असेल.

त्या चौकशीच्या दिवसाचा एक तुकडा मात्र मी कधी कुणाला सांगितलेला नाही.

चौकशी संपल्यावर पाध्ये सर जीपनं नागपूरला गेले. मी आईकडे, आंधळगावला जाणार होते. भंडाऱ्याच्या बसस्थानकावर सुभद्राबाई भेटली. तिला पवनीची बस हवी होती. मोतीरामभाऊ कुणा ओळखीच्याला भेटायला बाजाराकडे गेले होते. ऊन कलतं होतं तरी झळा होत्या. पत्र्याखालच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. भेळवाल्यानं कांदा चिरायला घेतला होता. बाजूला एक म्हातारा खोकत होता. तिनं मला विचारलं, "बरोबर बोलले ना आमचे हे?" मी म्हटलं, "बरोबर बोलले." ती म्हणाली, "पयल्यांदाच बोलले एवढ्या लोकांत. रातभर झोपले नाही. मले बी झोपू देलं नाही." आणि मग बोलता बोलता तिची मान कलली.

आधी तिचं डोकं माझ्या खांद्याला जरा टेकलं, दचकून उचललं गेलं, पुन्हा टेकलं. नंतर ती गाढ झोपली. तोंड थोडं उघडं, श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. तिच्या केसांना मोहाच्या तेलाचा आणि धुराचा वास होता. एका झोपलेल्या माणसाचं वजन किती असतं हे मी विसरले होते. ते हळूहळू वाढत जातं. मी खांदा न हलवता बसून राहिले.

आंधळगावची बस लागली. कंडक्टरनं दारात उभं राहून "मोहाडी, आंधळगाव" असा पुकारा केला. माझी पिशवी पायाशी होती. लोक चढले, बायकांनी खिडकीतून टोपल्या आत दिल्या, गाडी मागे झाली, वळली आणि धुळीत निघून गेली. मी उठले नाही. उठायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. हात खांद्यापासून बधिर झाला होता, आणि मग त्यात मुंग्या येऊ लागल्या, बोटांच्या टोकापर्यंत, टाचण्या टोचाव्यात तशा.

मोतीरामभाऊ आले. हातात केळीच्या पानातली भजी होती. बायकोकडे बघून ते ओशाळले.

"उठवू काय तिले?"

"राहू द्या," मी म्हटलं. "झोपू द्या."

ते समोर जमिनीवर उकिडवे बसले. भज्यांची पुडी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी घाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं. आपण रडतो आहोत हे मला तेव्हा कळलं.